हंगामी हजेरी

भाद्रपद सरत आला की सगळं गाव कावळ्याची वाट बघायचं आणि आमचे हजेरीमास्तर परटाची.

परीट म्हणजे धुणं नेणारा नव्हे. तसला आमच्याकडे नव्हताच, ज्याचे कपडे त्यानेच धुवायचे. हा परीट म्हणजे करड्या-पांढऱ्या अंगाचा, वीतभर लांबीचा, चालताना सतत शेपटी आपटणारा पक्षी. उन्हाळ्यात तो हिमालयात कुठेतरी असतो म्हणे. पितृपक्षाच्या सुमाराला एखाद्या सकाळी काही न कळवता उतरतो आणि आपल्या मोरीच्या काठावर जन्मापासून तिथेच असल्यासारखा फिरू लागतो. मास्तरांच्या वडिलांच्या श्राद्धाला मी एकदा जेवायला होतो. पान बाहेर ठेवलेलं, कावळा काही शिवेना. आम्ही सगळे उपाशी पोटी कौलांकडे बघत उभे. कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हाताऱ्याची काहीतरी इच्छा राहिली असणार." तेवढ्यात मास्तर मोरीकडे तोंड करून "आला, आला!" असं म्हणाले. आम्ही सगळ्यांनी भक्तिभावाने हात जोडले. वहिनींनी विचारलं, "कावळा?"

"परीट," मास्तर म्हणाले आणि घड्याळ बघून वेळ लिहून घेतली. कावळाही पुढे अर्ध्या तासाने आला, पण त्याची वेळ त्यांनी लिहिली नाही. तो कायम नोकरीतला होता.

हे नोकरीचं प्रकरण आधी सांगायला हवं. स्वातंत्र्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली असतील. पिंपरीला कारखाने नुकतेच येऊ लागले होते. एका बाजूला निर्वासितांची छावणी, एका बाजूला रेल्वे आणि उरलेल्या सगळीकडे ज्वारी. ज्वारीच्या मधोमध आमची कंपनी होती. मी विट्याकडचा, मॅट्रिक होऊन टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागलो, आणि हे माझे वरिष्ठ. चाळिशी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले. दारावर 'हेड टाइमकीपर' अशी इंग्रजी पाटी होती, पण कामगारांनी त्यांना हजेरीमास्तर केलं होतं आणि तेच बरोबर होतं. माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते त्याच्या नावापुढे 'ह' लिहीत नसत. "मास्तर, आलाय तो, संडासला गेलाय," असं कोणी सोबत्यासाठी सांगितलं तर म्हणायचे, "येऊ दे मग. मस्टर इथेच आहे."

मी लागल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "ऐकलेलं लिहायचं नाही. वाटलेलं लिहायचं नाही. बघितलेलं लिहायचं." मला वाटलं, हा कंपनीचा नियम असेल. महिनाभराने कळलं की हा नियम मुळात पक्ष्यांसाठी होता, माणसांना तो नंतर लागू झाला.

त्यांचे कपडे चहाच्या रंगाचे असत. पांढऱ्या कपड्याला पाखरं बुजतात म्हणून त्यांनी धोतर, सदरा आणि टोपी बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळून काढली होती. एकदा उकळायला घेतल्यावर पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून उशांचे अभ्रे आणि वहिनींचं लग्नातलं पांढरं पातळही त्यात गेलं. वहिनी त्यानंतर आठ दिवस बोलल्या नाहीत, पण मास्तरांना ते दहाव्या दिवशी कळलं. टोपीच्या रंगामुळे वेगळाच घोटाळा झाला. निवडणुकीच्या दिवसांत प्रत्येक जण टोपी बघून माणूस ओळखायचा. एका पुढाऱ्याने त्यांना भर चौकात हटकलं, "मास्तर, तुम्ही नक्की कोणत्या पक्षाचे?"

"येतील त्या सगळ्यांचा," मास्तर म्हणाले. त्या पुढाऱ्याने त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही.

दर रविवारी सकाळी ते नदीकाठाने निघत. चिंचवडच्या घाटापासून पवनेच्या कडेकडेने पायवाट होती. पिंपरीवरून कासारवाडी आणि पुढे सांगवीला, जिथे पवना मुळेला मिळते. मला बरोबर येण्याची परवानगी मिळाली ती नियमांसकट. कासारवाडीपर्यंत बोललं तरी चालेल, पुढे नाही. वहाणा वाजल्या तर हातात घ्यायच्या. खोकला आला तर परत जायचं. जुन्या बाजारातून त्यांनी लष्करातली एक दुर्बीण आणली होती. तिची उजवी नळी कोणत्या तरी लढाईत कामी आलेली, एकाच डोळ्याने बघावं लागे. पहिल्या रविवारी त्यांनी ती माझ्या डोळ्याला लावली आणि कानाशी कुजबुजले, "काय दिसतंय?"

"म्हैस," मी म्हणालो.

"म्हशीवर?"

"काही नाही."

"लिहा मग. म्हशीवर काही नाही." आणि त्यांनी खरंच लिहायला लावलं.

पण आश्विनात एका सकाळी सांगवीच्या अलीकडे वाळूवर शंभरेक परीट उतरलेले मी पाहिले. रात्रभर उडून आलेले असावेत. कोणी चोच पंखात खुपसून झोपलेलं, कोणी पाणी पीत होतं, आणि दमलेल्या त्या सगळ्यांच्या शेपट्या तरीही हलत होत्या. मी विट्याहून पुण्यापर्यंत एस.टी.ने आलो तेव्हा दोन दिवस अंथरुणात होतो. एवढेसे जीव ते, आणि हिमालयातून उडत आले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करतो. मास्तरांनी नळी माझ्या हातून घेतली आणि म्हणाले, "डोळे पुसा, नाहीतर मोजता येणार नाहीत."

या सगळ्या मोजणीचं त्यांनी रीतसर मस्टर केलं होतं. कंपनीचंच, एका कोपऱ्यात भिजलेलं म्हणून रद्द झालेलं. त्यात दोन भाग: कायम आणि हंगामी. कायममध्ये शिंपी, सुतार, कोतवाल. हंगामीमध्ये परीट, खाटीक, थापट्या, चक्रवाक. आपल्या लोकांनी पाखरांना धंद्यांची नावं दिलेली, त्याला मास्तर काय करणार? हे मस्टर ते दुसऱ्या मस्टरांबरोबर कपाटात ठेवत, कारण ते मस्टर होतं.

एकदा पुण्याहून तपासणीला एक साहेब आले. त्यांनी ते उघडलं आणि बराच वेळ बघत बसले.

"कंपनीत अकरा परीट आहेत?"

"कधी कधी पंधरा होतात," मास्तर म्हणाले.

"आणि हा खाटीक? कारखान्याला खाटीक कशाला लागतो?"

"लागत नाही. येतो."

"कुठे काम करतो?"

"कुंपणाच्या तारेवर. टोळ मारून काट्याला टोचून ठेवतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "यांची भरती कोणी केली?"

"कल्पना नाही. माझ्या आधीपासून येतात."

तपासणीवाल्यांनी तीन पानं लिहून काढली आणि मॅनेजरसाहेबांना बोलावणं धाडलं. मॅनेजरसाहेब धावत आले. मास्तरांनी दोघांना खिडकीशी नेलं आणि गटाराच्या कडेने शेपट्या आपटत फिरणारे अकरा जण मोजून दाखवले. मॅनेजरसाहेब इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. तपासणीवाले हसले नाहीत. त्यांनी तिन्ही पानं फाडली, चहा घेतला आणि जाताना विचारलं, "पण खाटीक कुठाय?" तेव्हापासून मॅनेजरसाहेब दर सोमवारी फाटकातून आत येताना गाडी थांबवून विचारायचे, "मास्तर, हंगामी किती?" आणि मास्तर उभे राहून आकडा सांगायचे.

याच ओळखीतून पुढचं सगळं उद्भवलं.

कंपनीमागे नदीच्या अंगाला जुन्या वीटभट्टीचे खड्डे होते. जमीन मूळ धोंडिबाच्या भावकीची. ती कंपनीने घेतली आणि धोंडिबाला फाटकावर पहारेकरी केलं. तो सांगायचा, "आमच्या आज्यानं हितली माती काढली. खड्डं पडलं, पाणी ऱ्हायलं, आन् मंग ही बदकं याया लागली. आमी काय त्येन्ला बोलावलं न्हाई." हे खड्डे मुरुमाने भरायचे आणि त्यावर कामगारांसाठी बारा क्वार्टर्स बांधायच्या, असं ठरलं. प्रत्येक क्वार्टरमध्ये नळ. यादीत पहिलं नाव मास्तरांचं होतं आणि बारावं माझं.

माझं लग्न वैशाखात झालेलं. मी कासारवाडीला चार जणांत एका खोलीत आणि बायको गावाकडे. ती पत्रात बाकी मजकूर बदलायची, शेवटची ओळ मात्र तीच असायची: खोलीचं काय झालं? ऑफिसात मला चक्रवाक म्हणू लागले. चक्रवाकाच्या जोडीची सूर्य मावळला की ताटातूट होते आणि दोघं दोन काठांवरून एकमेकांना हाका मारतात, असं आपल्याकडे मानतात ना, त्यावरून. मास्तरांना मी विचारलं तर म्हणाले, "ताटातूट वगैरे काही नाही. दिवेलागणीला मी दोघांना एकाच काठावर पाहिलंय. तुमचं तुम्ही बघा."

माझ्यापेक्षा वहिनींची निकड मोठी होती. मास्तरांचं बिऱ्हाड चिंचवडात एका तेल्याच्या माडीवर होतं आणि पाणी घाटावरून आणावं लागे. दोन वर्षांपूर्वी ओल्या पायऱ्यांवर कळशीसकट घसरून वहिनींचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्याने बसवलं ते वाकडं बसवलं. तेव्हापासून त्या डाव्या कमरेवर कळशी घेऊन माडीचा जिना चढायच्या आणि मध्ये एकदा थांबायच्या. मी दिसलो की विचारायच्या, "भावजी, नळ कधी लागायचा हो?"

अशा परिस्थितीत यादीतल्या पहिल्या माणसाने मॅनेजरसाहेबांना अर्ज दिला की खड्डे भरू नयेत.

अगदी भरूच नयेत असं नव्हे. खड्ड्यांवर दिवाळीपासून थापटे उतरले होते. थापट्या म्हणजे गवंड्याच्या थापीसारखी चपटी चोच असलेलं बदक. जोडीला चक्रवाकही होते. कंपनीच्या नियमांप्रमाणे हंगामी कामगाराला हंगाम संपण्यापूर्वी काढता येत नाही, सबब हे जाईपर्यंत थांबावं, असा अर्ज. मॅनेजरसाहेबांनी तो दोनदा वाचला. मुरुमाच्या गाड्या तशाही होळीपर्यंत दुसऱ्या शेडच्या कामावर होत्या, हे त्यांना ठाऊक होतं, मास्तरांना नव्हतं. फुकटात पुण्य लागत असेल तर कोण सोडतो? त्यांनी हसत हसत खाली लिहिलं, 'हंगामी हजेरी शून्य झाल्यावरच भराव सुरू करावा,' आणि सही केली.

होळी झाली. थापटे आले तसे न सांगता गेले. परीट गेले. मास्तर रोज कामावर येण्याआधी खड्ड्यांवर चक्कर मारून येत आणि एकेका नावापुढे 'गै' लिहीत. गुढीपाडव्याला मस्टरमध्ये दोनच 'ह' राहिले. चक्रवाकाची एक जोडी.

झालं होतं असं की फाल्गुनात एक बंदूकवाला जीपमधून येऊन दोन बार काढून गेला होता. नराचा पंख मोडला. मादी थांबली. ती उडायची, खड्ड्यांवर चार-पाच घिरट्या घ्यायची, हाक मारायची आणि परत खाली उतरायची. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी ती उडाली आणि उतरली नाही. मास्तरांनी तिला 'गै' लावली. नराला 'ह'.

मुरुमाच्या गाड्या आल्या होत्या. मुकादम रोज फाटकावर येऊन बसायचा. अखेर मॅनेजरसाहेबांनी मास्तरांना बोलावलं. मस्टर घेऊन मीही मागे गेलो.

"एका बदकासाठी, मास्तर?"

"साहेब, ऑर्डरमध्ये शून्य लिहिलंय."

"एक म्हणजे जवळजवळ शून्यच की."

"मग मी उद्यापासून जवळजवळ हजेरी लिहू का?"

मॅनेजरसाहेब हा सहीला जागणारा माणूस, एरवी तिथल्या तिथे प्रकरण मिटलं असतं. ते म्हणाले, "शनिवारपर्यंत थांबतो. मग गाड्या चाकणच्या कामावर जाणार आणि दिवाळीनंतर परत येणार. क्वार्टर्स एक वर्ष पुढे. तुमच्या मस्टरमुळे. यादीतल्या लोकांना तुम्हीच सांगा."

यादीतल्या लोकांना सांगावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा घरांत कळलं. त्यांनी खड्ड्यावर जाऊन दगड मारले, पत्र्याचे डबे वाजवले. चक्रवाक पोहत मध्यावर गेला आणि तिथे बसून राहिला. धोंडिबा म्हणाला, "मास्तर, तुमी निस्तं व्हय म्हना. म्या उद्याच्याला त्येला चुलीवर चढवतो, आन् मंग लिवा की, न्हाई म्हनून."

"मग 'मयत' लिहावं लागेल," मास्तर म्हणाले. "आणि कंपनीच्या आवारात मयत झाला की चौकशी बसते. पहिला जबाब पहारेकऱ्याचा."

धोंडिबाने विषय सोडला.

बाकीचे दहा जण मास्तरांशी बोलेनासे झाले. मी बोलत होतो, पण मनातून मलाही त्यांचा संताप आला होता. 'ह'ऐवजी 'गै' लिहायला शाई तेवढीच लागते, असं मी त्यांना एकदा सुनावलं. ते म्हणाले, "ते आहे ना तिथे? मग नाही कसं लिहू?" मला आणखी राग आला.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनी नुकत्या घाटावरून आलेल्या. कळशी त्यांनी नेहमीसारखी घडवंचीवर न ठेवता मास्तरांच्या पुढ्यात, ते भाकरी खात होते तिथे ठेवली.

"त्या बदकाचा पंख मोडलेला तुम्हाला एवढ्या लांबून दिसतो," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "हा हात रोज ताटात वाढतो. हा दिसला का कधी?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. वहिनी आत निघून गेल्या. मग ते म्हणाले, "दिसतो," पण ते ऐकायला वहिनी तिथे नव्हत्या. शुक्रवारी सकाळी त्यांनी चक्रवाकापुढे 'ह' लिहिला. लिहिताना टाक दोनदा दौतीत बुडवला, तरी अक्षर पुसट आलं.

शनिवारी उजाडताना मी एक रिकामं पोतं घेऊन खड्ड्यांवर गेलो. चैत्रात पाणी आटून शेवटच्या खड्ड्यात गुडघाभर उरलं होतं. मोडका पंख असलेलं बदक धरणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. ते अर्धा तास पुढे आणि मी अर्धा तास मागे. तीनदा पडलो. शेवटी ते काठाच्या लव्हाळ्यात अडकलं आणि मी पोत्यासकट त्याच्यावर पडलो. पोत्यात घातल्यावर ते एकदाच ओरडलं, मादीला मारायचं तशी हाक. मी तिथे चिखलात बसून म्हणालो, "अरे बाबा, माझीही गावाला आहे." मग पोतं सायकलच्या हॅन्डलला अडकवलं आणि नदीकाठच्या पायवाटेने सांगवी गाठली. संगमावर पाणी बारमाही असतं. पोतं उघडलं. ते धापा टाकत थोडा वेळ तसंच बसलं, मग पाण्यात उतरलं आणि पलीकडच्या काठाकडे पोहत गेलं. वळून वगैरे पाहिलं नाही.

परत आलो तेव्हा भोंगा होऊन गेला होता. मास्तर टेबलाशी होते, समोर हंगामी मस्टर उघडं. बाहेर मुकादम आणि यादीतले दोघं-तिघं उभे होते. मास्तरांनी माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे पाहिलं.

"कुठे सोडलंत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी खोटं बोलणार होतो, पण जमलं नाही. "सांगवीला. संगमावर."

"पाण्यात उतरलं?"

"उतरलं."

"पोहलं?"

"पार पलीकडे गेलं."

त्यांनी टाक उचलला. मस्टरमध्ये 'ह' आणि 'गै'खेरीज आणखी एक खूण असते, माणूस एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला की लावायची. त्यांनी चक्रवाकापुढे 'ब' लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात 'बदली, सांगवी.' खाली बेरीज मारली: शून्य. आयुष्यभरात स्वतः न बघता, दुसऱ्याच्या शब्दावर त्यांनी लिहिलेली ती एकच ओळ. मुकादमाने वाकून शून्य पाहिलं आणि गाड्यांकडे धावला.

सगळे पांगल्यावर मास्तर म्हणाले, "पोतं भिजवून न्यायला हवं होतं. कोरड्यात त्याला धाप लागते."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"मी बाभळीमागे होतो," ते म्हणाले. "रोजच असतो त्या वेळी. तुम्हाला अडवायला दोनदा उठलो. दोन्ही वेळा हिचा हात डोळ्यांपुढे आला. बसलो."

मग त्यांनी हंगामी मस्टर मिटलं, माणसांचं उघडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या नावापुढे बावीस मिनिटं उशीर लावला.